'हे आपले नव्हे' म्हणणाऱ्यांस

मराठी समीक्षेत एक जकातनाका आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कलाप्रकाराची गाडी तिथे थांबवली जाते आणि एकच प्रश्न विचारला जातो : हे आपले आहे काय? शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्याच्या गावी साहित्य शिकवणारे आम्ही लोक ह्या नाक्यावर अधिकच ताटकळतो. कारण आमच्यासाठी 'आपले' काय, ह्याची यादी इतरत्र आधीच तयार झालेली असते. त्या यादीत जत्रा असते, तमाशा असतो, दुष्काळ तर असतोच. एखाद्या विद्यार्थ्याने गॉथिक रॉकवर किंवा मुंबईतल्या मेटल बँडवर निबंध लिहायचे म्हटले, की यादीवाले हसतात. हे हसू आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही. घोडनदीकाठच्या मुलाने काय ऐकावे आणि कशावर विचार करावा, हे त्याला न विचारता त्यातून ठरून जाते.

उदाहरण म्हणून 'डिमॉनिक रेझरेक्शन' घेऊ. साहिल मखिजा ह्यांनी २००० साली मुंबईत हा बँड उभा केला. काटेकोर अर्थाने हे गॉथिक रॉक नव्हे. ब्लॅक आणि डेथ मेटलला इथे कीबोर्डच्या सिंफनीसदृश भव्यतेची जोड आहे. पण इंग्लंडच्या 'बाउहाउस'ने १९७९ साली 'बेला लुगोसीज डेड' काढून काळोख, शवपेटी आणि नाट्यमय खर्जाचे जे घराणे रूढ केले, त्याचे हे दूरचे भावंड नक्कीच आहे.

आणि खरे साम्य आवाजात नाहीच. बाउहाउसची ती तबकडी लंडनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानाने चालवलेल्या छोट्या कंपनीने काढली. १९८० साली लीड्समध्ये जमलेल्या 'द सिस्टर्स ऑफ मर्सी'ने पहिली तबकडी 'मर्सिफुल रिलीज' ह्या स्वतःच्याच नावाखाली आणली. पुढे मोठ्या कंपनीशी त्यांचे बिनसले, आणि १९९० च्या 'व्हिजन थिंग'नंतर त्यांनी नवा स्टुडिओ अल्बम काढलाच नाही. मैफली मात्र करीत राहिले. मखिजांनीही 'डिमनस्टीलर रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली आणि तिच्यातून इतरांचेही संगीत प्रसिद्ध केले. चित्रपटगीतांवर पोसलेल्या आपल्या संगीतधंद्यात त्यांच्यासाठी जागाच नव्हती. 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०), 'द डीमन किंग' (२०१४), 'दशावतार' (२०१७) : अल्बमांमध्ये एवढाली अंतरे, आणि मधल्या काळात वादकांची ये-जा. २०१० मध्ये 'मेटल हॅमर' ह्या ब्रिटिश मासिकाने त्यांना पुरस्कार दिला. त्याची दखल आपल्या किती वाङ्मयीन नियतकालिकांनी घेतली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

तेव्हा 'स्वतंत्र' हे विशेषण सुरांचे नसून हिशेबाच्या वहीचे आहे. छापतो कोण, विकतो कोण, नाही म्हणण्याचा अधिकार कोणाचा? हे प्रश्न मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे असू नयेत. १९५५ सालच्या 'शब्द'पासूनची लघुनियतकालिकांची चळवळ आम्ही वर्गात अभिमानाने शिकवतो. कोलटकरांचे 'जेजुरी' १९७६ साली पुस्तकरूपाने निघाले ते कवींनीच एकत्र येऊन चालवलेल्या 'क्लिअरिंग हाउस'तर्फे, हेही सांगतो. नेमाडे स्वतः 'वाचा'चे संपादक होते. मग सायक्लोस्टाइलवर अंक काढणारा कवी बंडखोर, आणि घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करणारा गिटारवादक नक्कलखोर, हा न्याय कुठला? नेमाड्यांच्या देशीवादाचे नाव घेऊन जे हा न्याय चालवतात, त्यांनी देशीवादाचा नव्हे, आपल्या आळसाचा पुरस्कार केलेला असतो.

दुसरा आक्षेप काळोखाविषयी. थडगी, प्रेते, पडके किल्ले हे सारे म्हणे विलायती सामान. वॉलपोलच्या १७६४ सालच्या कादंबरीपासून चालत आलेले. ह्या मंडळींनी एकदा शिरूरचा इतिहास उघडावा. इथल्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला. त्याच्या थडग्याला आसपासच्या गावांतले लोक 'सत्पुरुष' म्हणून भजत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात आहे. फौज घेऊन आलेला परका सेनाधिकारी, त्याचे थडगे आणि त्यापुढे ठेवलेली नवी कणसे! इतके अस्सल गॉथिक वॉलपोललाही सुचले नसते. आपल्याकडे ते सुचवावे लागले नाही, घडले. काळोख आयात करावा लागतो असे म्हणणाऱ्यांनी आपल्या घरचा काळोख पाहिलेला नाही.

इथे एक सापळा आहे, आणि आमचे काही मित्रही त्यात अडकतात. ते म्हणतात, 'दशावतार'मध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे आहेत, तेव्हा हा बँड आता देशी झाला, घ्या त्याला आत. ही मेहरबानी आम्हांस नको. अवतारांची नावे घेतल्यावरच जर दार उघडत असेल, तर ते दार नसून तोच जकातनाका आहे, फक्त पावती मिळाली इतकेच. २०१० चा 'द रिटर्न टू डार्कनेस' आमच्या मते अधिक एकसंध अल्बम आहे. त्यात पुराण नाही म्हणून तो कमी आपला ठरत नाही.

ह्या बँडवर टीका करायला जागा नाही, असे नव्हे. त्यांच्या सैतानांचा तोंडवळा पुष्कळदा नॉर्वेचा असतो. इंग्रजी शब्द गुरगुरत्या आवाजात असे बुडतात की काव्य म्हणून त्यांची परीक्षा करणेही अवघड जावे. हे बोला, वाजवून बोला. पण त्यासाठी आधी ऐकावे लागेल, आणि यादीवाल्यांची अडचण नेमकी तिथेच आहे.

बाकी यादीतल्या तमाशाविषयीही त्यांना फार माहिती असते असे दिसत नाही. दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला संगीतबारीची थिएटरे आहेत. तिथे थिएटर एकाचे, पार्टी दुसरीची, आणि बैठकीच्या पैशांत वाटे पडतात. 'लोककला' हा शब्द उच्चारून झाला, की त्या वाट्यांविषयी कोणी विचारत नाही. एखाद्या विद्यार्थिनीने चौफुल्याची पार्टी आणि मुंबईचा बँड ह्यांच्या हिशेबांची तुलना करणारा प्रबंध लिहायला घेतला, तर तिला मार्गदर्शक मिळेल काय? विषय कोणत्या विभागाचा, ह्यावरच बैठक संपेल. मराठीवाले इंग्रजीकडे बोट दाखवतील, इंग्रजीवाले समाजशास्त्राकडे, आणि तोवर नोंदणीची मुदत टळून गेलेली असेल.