दाराबाहेरचा प्रभू



देवळाचे दार कोणासाठी असते, असे कोणी विचारल्यास आपण तत्काळ म्हणाल, ‘सर्वांसाठी.’ मीही तेच म्हणेन. परंतु अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय लेखकांच्या दोन लघुकथा वाचल्यापासून हे उत्तर देताना माझी जीभ थोडी अडखळते.

पहिली कथा लँग्स्टन ह्यूज ह्यांची ‘ऑन द रोड’. ती १९३५ साली, महामंदीच्या काळात प्रसिद्ध झाली. सार्जंट नावाचा एक भुकेला, बेघर कृष्णवर्णीय मनुष्य बर्फ पडत असता पाळकाच्या दारी येतो. पाळक दार लावून घेतो. शेजारचे चर्चही बंदच. सार्जंट दारास खांदा लावून ते फोडतो. पोलीस त्यास ओढू लागतात, तो दगडी खांबास मिठी मारतो आणि शमशोनाच्या वेळी घडले तशी सारी इमारत कोसळते. मग क्रुसावरील दगडी ख्रिस्त खाली उतरून त्याच्यासोबत बर्फातून चालू लागतो! आपली सुटका झाली म्हणून ख्रिस्तासही आनंद होतो. पण सार्जंट शुद्धीवर येतो तो तुरुंगात, कोठडीचे गज हलवीत.

दुसरी कथा अ‍ॅलिस वॉकर ह्यांची ‘द वेलकम टेबल’. ती त्यांच्या १९७३ सालच्या संग्रहात आहे. एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई ठेवणीतले कपडे घालून गोऱ्यांच्या चर्चमध्ये येते. पाळक तिला गोड शब्दांत अडवितो. ती तरीही मागच्या बाकावर जाऊन बसते. तेव्हा पुरुष तिला उचलून बाहेर काढतात. थंडीत उभी असता तिला हमरस्त्याने येशू येताना दिसतो. त्याचा चेहराही तिने गोऱ्या मालकिणीच्या बायबलात पाहिलेल्या चित्रासारखाच! ज्यांचा स्वयंपाक केला, ज्यांची मुले सांभाळली, त्यांनीच आपणास हाकलले, असे गाऱ्हाणे सांगत ती त्याच्याबरोबर चालत जाते. पुढे ती रस्त्याच्या कडेला मृत आढळते.

ही नुसती कल्पना नव्हे. फिलाडेल्फिया शहरात रिचर्ड अ‍ॅलन ह्यांच्या सोबत्यांस प्रार्थनेसाठी गुडघे टेकले असता ओढून उठविण्यात आले होते. म्हणून १७९४ साली त्यांनी आपले वेगळे चर्च उघडले. आपण कॅथलिकांनी त्यात समाधान मानू नये. मेरीलंडच्या येशूसंघीयांनी १८३८ साली २७२ गुलाम विकले, आणि दक्षिणेतील आपल्या अनेक देवळांत कृष्णवर्णीयांस मागची बाके असत. वंशभेद ख्रिस्ती विवेकास मान्य नाही, असे अमेरिकेच्या बिशपांनी १९५८ साली बजावले.

ह्या कथा नास्तिकाच्या आहेत असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्या येशूस नाकारीत नाहीत. तो दाराबाहेर राहिला, एवढेच सांगतात. आणि मला बोचते ते हे, की दोन्ही कथांत पहिला अडविणारा धर्माचा सेवकच आहे.

आपल्याकडे जात, पैसा किंवा अंगावरील कपडे पाहून कोणाची जागा ठरत नाही, असे छातीवर हात ठेवून आपण म्हणू शकू काय? येत्या रविवारी मिस्साबलीच्या आधी मी वेदीकडे जाण्यापूर्वी थोडा वेळ दारापाशी उभा राहणार आहे. कोण आत येण्यास कचरतो, ते मला पाहावयाचे आहे.