‘सिव्हिलला? आई आहे ना ती!’

आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याच्या आईचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. सिव्हिलच्या सर्जननी तपासून तारीखही दिली होती. मग भेटायला पाहुणे येऊ लागले. जो येईल तो म्हणे, “सिव्हिलला? अरे, आई आहे ना ती!” शेवटी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, डिपॉझिट भरलं आणि आई खासगीत दाखल झाली. हे कळल्यापासून माझं डोकं तापलंय.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा मोफत आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, बाळंतपणं वगळता, एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारीत ४,४५२ रुपये होता, खासगीत ३१,८४५.

सिव्हिलमध्ये सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. सोनोग्राफीला लांबची तारीख मिळते, औषधाची चिठ्ठी बाहेरची निघते, संडासात पाय ठेववत नाही. ज्याला परवडतं त्यानं खुशाल खासगीत जावं. पण ज्याला परवडत नाही त्याची माया बिलाच्या आकड्यावर का जोखता? बोलणाऱ्यांपैकी एकानंही डिपॉझिटला हातभार लावला नाही. पाटल्या सोडवायला त्यांतलं कोण येणार आहे?

आणि ‘सरकारी डॉक्टर’ म्हणताना नाक मुरडणाऱ्यांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आठवावं. विंचूदंशानं कोकणात माणसं, विशेषतः लेकरं, दगावत होती. रायगड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात नोकरी करताना त्यांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं टिपली. त्यातूनच प्राझोसिनचा उपचार पुढे आला आणि मृत्यू झपाट्यानं घटले. ‘लॅन्सेट’नं ते काम छापलं, २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. खाटा अपुऱ्या, साधनं तुटपुंजी, तरी हे घडलं ते सरकारी दवाखान्यातच.

खरं नुकसान वेगळंच आहे. अर्ज लिहिणारा, साहेबाला जाब विचारणारा वर्ग सिव्हिलमधून उठून गेला. मागे उरले ते ‘उद्या या’ म्हटलं की मुकाट परत फिरणारे. मग बंद पडलेल्या एक्स-रे मशीनबद्दल विचारणार कोण?

म्हणून पाहुण्यांना हात जोडून सांगणं आहे. कुठं ॲडमिट केलंय यापेक्षा रात्री सोबतीला कोण आहे ते विचारा. डबा पोचवा. औषध बाहेरून आणायला सांगितलं, तर रुग्णाच्या मुलाला घेऊन सिव्हिल सर्जनकडे जा, लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.