खर्ज कुणाचा?

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यापासून मी बेस गिटार शिकते आहे. वय सत्तेचाळीस, राहायला बदलापूर, नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला, क्लास उल्हासनगरला. हे वाचून काहीजणी हसल्या असतील. हसा. पण "आता या वयात? आणि शिकून करणार काय?" असं मनात आलं असेल, तर हे तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

आधी वाद्याविषयी. साध्या गिटारला सहा तारा, बेसला बहुधा चारच, पण चांगल्या जाड. मान लांब, खांद्यावर जवळजवळ चार किलोंचं ओझं. आवाज गिटारपेक्षा एक सप्तक खाली, म्हणजे खर्जातला. ड्रमचा ठेका आणि गाणाऱ्याचा सूर यांना बांधून ठेवायचं काम त्याचं. गाणं ऐकताना तो वेगळा जाणवत नाही, काढून घेतला की गाणं पोकळ होतं. कुणाच्या नजरेत भरत नाही, पण थांबलं की सगळं कोलमडतं, अशा कामाची आपल्याला चांगलीच सवय आहे. तरीही हे वाद्य बायकांचं समजलं जात नाही.

फी भरायला गेले तेव्हा टेबलामागच्या मुलानं विचारलं, "मुलाचं नाव काय?" म्हटलं, शिकणारी मीच. तो गोंधळला. "ताई, मग युकुलेले घ्या ना, हलकं असतं. नाहीतर गाण्याची बॅच आहे, तिथं लेडीजच जास्त आहेत." मुलगा वाईट नव्हता. माझ्या भल्यासाठीच बोलत होता. दुखणं आहे ते इथंच.

बाईनं गावं, नाचावं, याला आपल्याकडे पूर्वापार जागा आहे. त्या जागेची किंमतही तिच्याकडूनच वसूल केली जाते, हा भाग वेगळा. तमाशात गाणारी-नाचणारी बाई. ढोलकी, तुणतुणं, कडं पुरुषाच्या हाती. तिचा गळा आणि देह पुढे, ताल मात्र दुसऱ्याच्या ताब्यात. ठेका ज्याच्या हातात, तो ठरवतो गाणं कधी थांबायचं.

मग ज्या बायका वादक झाल्या, त्या कशा झाल्या? १९२७ साली मैहरला जन्मलेल्या अन्नपूर्णादेवींचं वाद्य सूरबहार. सतारीहून मोठं, खर्जाचं. वडील उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. थोरल्या मुलीला गाण्यापायी सासरी त्रास झाला, म्हणून धाकटीला शिकवायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. भावाच्या चुका ती दुरुस्त करते आहे हे कानावर पडलं, तेव्हा त्यांनी निर्णय बदलला. पुढे संसार टिकावा म्हणून त्यांनी जाहीर मैफल सोडली, असं सांगतात. संसार टिकला नाही. मैफल मात्र गेली ती गेलीच. मुंबईतल्या घरात बसून त्यांनी हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले. २०१८ साली त्या गेल्या.

१९९६ सालची, मुंबईचीच मोहिनी डे आज जगभर बेस वाजवते. तिचे वडील स्वतः बेसवादक, त्यांनी ती अगदी लहान असल्यापासून शिकवलं. दोघींच्या गुणांविषयी आदरच आहे. पण बाईच्या हाती वाद्य येण्यासाठी बापच वादक असावा लागत असेल, तर बाकीच्यांनी काय करायचं? माझे वडील कारखान्यात फिटर होते.

घरचा प्रश्न वेळेचा. तारेवर दाब देऊन बोटांना घट्टे पडावे लागतात, नाहीतर सूर स्वच्छ येत नाही. साबणाच्या पाण्यात भिजून मऊ पडलेल्या बोटांना तार कापते. म्हणून मी नियम केला, आधी अर्धा तास रियाज, मग भांडी. या एका नियमावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी पगारावरूनही झाली नाहीत.

शेजारून तक्रार आली आवाजाची. ॲम्प्लिफायर न जोडता बेस वाजवला तर भिंतीपलीकडे जवळजवळ काही पोचत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत मात्र डीजेच्या ज्या धडधडाटानं आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, तोही खर्जच. रस्त्यावर पुरुषांनी लावलेला खर्ज म्हणजे उत्सव, आणि घरात बाईनं हलक्या हातानं छेडलेला खर्ज म्हणजे त्रास!

आणखी एक कारण हल्ली पुढे केलं जातं: सुरक्षितता. २० ऑगस्ट २०२४ ला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराविरुद्ध लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. संताप रास्तच होता. पण त्यानंतर आमच्या इमारतीत काय झालं? मुलींचे संध्याकाळचे क्लास बंद. मुलांचा एकही बंद झाला नाही. गुन्हा करणारा कुणीही असो, कोंडून घ्यायचं मुलीनंच.

आता आपल्याविषयी. आठ मार्चचा मोर्चा आठवा. घोषणा आपल्या, गाणी आपली, गळा आपला. डफ कुणाच्या हातात असतो? कुणीतरी कार्यकर्ता दादा येतो आणि वाजवतो. तो आला नाही तर आपण टाळ्यांवर भागवतो. इतक्या वर्षांत आपल्यातल्या किती जणींनी डफ हातात घेतला? "बायकांना वेळ कुठे असतो" हे उत्तर आपणच देणार असू, तर त्या टेबलामागच्या मुलावर रागवायचं कशाला?

बेस घेऊन लेडीज डब्यात चढले की आधी जागेवरून कटकट होते, मग चौकशी. एकदा जीन्सचे दोरे कापण्याचं काम करणारी एक बाई म्हणाली, "बघू." मी पिशवीतून काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं सगळ्यात जाड तार ओढली. गाडीच्या आवाजात ऐकू काहीच आलं नाही. पण लाकडावर तळहात टेकून ती म्हणाली, "अगं, आतून घुमतंय." विठ्ठलवाडी ते उल्हासनगर तिनं हात काढला नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संघटनेची खोली आठवड्यातून दोन तास शिकाऊ बायकांसाठी राखून ठेवा. डफ, ढोलकी, जे मिळेल ते आणा. मुलं सांभाळायची पाळी लावा. पहिले सहा महिने कुणाला कार्यक्रमात वाजवायला लावू नका, "जमतंय का" म्हणून विचारू नका. वाईट वाजवायची मुभा मिळाल्याशिवाय कुणालाच चांगलं वाजवता येत नाही. पुरुषांना ती मुभा न मागता मिळते.

पुढच्या आठ मार्चला डफ आपल्याच हातात असावा. ठेका चुकला तरी चालेल.