डोंगरावरचे आरमार

भाऊबीजेला बहिणीकडे ओवाळून घ्यायला जावे आणि भाच्याने भर पंगतीत मामाची फजिती करावी, असा योग यंदा आमच्या पत्रिकेत होता!

भाचा नौदलात गेला तेव्हा ताईने टिपे गाळली. पुढे कळले की, स्वारी शिकायला लोणावळ्याला! आम्ही पोट धरून हसलो. "ताई, रडतेस कशाला? तुझा दर्यावर्दी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचावर चिक्की खात बसलाय!" ही थट्टा आम्ही पुढे चार दिवाळ्या पुरवली.

यंदा तो रजेवर आला होता. चकली मोडत म्हणाला, "मामा, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी १९४५ पासून आहे. जहाजाची इंजिने चालवायला, दुरुस्त करायला तिथे शिकवतात. भर समुद्रात इंजिन रुसले तर मिस्त्री कुठून आणणार? आणि ते शिकायला लाटा नकोत, कार्यशाळा हव्यात."

मग त्याने ताईला विचारले, "आई, फटाके कुठे ठेवलेस?"

"माळ्यावर. गॅसजवळ ठेवायला मी काय वेडी आहे?"

"अमेरिकेच्या आरमारालाही हे शहाणपण आले, पण ठेच लागून. १९२६ मध्ये न्यू जर्सीतल्या लेक डेन्मार्कच्या दारूगोळ्याच्या कोठारावर वीज पडली. स्फोटांत माणसे गेली, आसपासची घरे मोडली. मग नवे कोठार बांधले ते नेव्हाडाच्या वाळवंटात, हॉथॉर्नला. १९३० मध्ये ते सुरू झाले. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर!"

आम्ही लाडवाआड तोंड लपवले. एवढ्यात तो हळूच म्हणाला, "आई, आता मी पाणबुडीवर जाणार."

ताईचा हात ताटावरच थांबला. "मग तुझी खबर कशी कळायची?"

"खारे पाणी नेहमीच्या रेडिओलहरी वरच्या वर गिळून टाकते. ज्यांची एकेक लहर दहा किलोमीटरहून लांब, अशा लहरीच काही मीटर खोल उतरतात. त्या सोडायला उंच मनोरे आणि अफाट जागा लागते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ असे केंद्र १९९० पासून आहे. दुसऱ्याची पायाभरणी २०२४ मध्ये तेलंगणात झाली, दामगुंडमच्या जंगलात. समुद्राखाली आम्हांला निरोप येतो तो असा जमिनीवरून."

"आणि तुझे उत्तर?"

"त्या लहरींवर नाही देता येत, आई. तेवढे मोठे यंत्र पाणबुडीत मावत नाही. आम्ही नुसते ऐकायचे."

ताई क्षणभर गप्प राहिली. मग त्याच्या पानात आणखी एक करंजी वाढून म्हणाली, "ऐकू येते ना? मग झाले."

वाचकहो, जे शिकायचे, जपायचे आणि कळवायचे ते जमिनीवर पक्के असेल, तेव्हाच जहाज निर्धास्तपणे पाण्यात जाते, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर उमगले. दरवर्षी थट्टेने नेतो तो चिक्कीचा पुडा यंदा आम्ही निमूटपणे त्याच्या पिशवीत ठेवला.