एमिलीचा विनोदी सिनेमा आणि आपल्या सावित्रीमाई

इटियाडोहच्या कालव्यालगतच्या एका गावात, विहाराच्या सभागृहात, आम्ही तरुणांना एक इंग्रजी सिनेमा दाखवला. २०१८ चा 'वाइल्ड नाइट्स विथ एमिली', दिग्दर्शिका मॅडलिन ओल्नेक. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनवरचा हा विनोदी सिनेमा आहे. तिने सुमारे १८०० कविता लिहिल्या, हयातीत मोजक्याच छापल्या गेल्या. १८८६ मध्ये ती वारली आणि पुढे तिची ओळख उरली ती घरात कोंडून घेतलेली, जगाला घाबरणारी बाई अशी. सिनेमा या ओळखीचीच खिल्ली उडवतो. तिचे वहिनी सुझनवर प्रेम होते आणि मागाहून तिच्या कागदांतून सुझनचे नाव खोडले गेले, हे तो हसवत सांगतो. काही प्रसंग मला उगाच थिल्लर वाटले, तो भाग वेगळा.

पोरी खळखळून हसल्या. काही पोरे दोन बायांचे प्रेम पाहून खाली बघत बसली. मागच्या रांगेतले एक काका मात्र उठून म्हणाले, "ताई, असा सिनेमा कोनी आपल्या माईवर काढला तं?"

काकांची भीती खोटी नाही. तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी जोतीराव-सावित्रीमाईंच्या लहान वयातल्या लग्नावरून हसत केलेली शेरेबाजी आपण मार्च २०२२ मध्ये व्हिडिओत पाहिली. तीही पुणे विद्यापीठात, माईंच्याच पुतळ्याच्या अनावरणाला. असे हसणे आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सोसले आहे. त्यामुळे विनोद म्हटले की आपण आधी सावध होतो.

पण गंभीर सिनेमाचे तरी काय झाले? अनंत महादेवन यांचा 'फुले' ११ एप्रिल २०२५ ला, जोतीरावांच्या जयंतीला, येणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले, तीन हजार वर्षांच्या गुलामीच्या जागी 'अनेक वर्षे' घालायला लावले. सिनेमा २५ एप्रिलला आला. इतक्या आदबीने सांगूनही कात्री लागलीच.

आणि या भांडणात माई कवयित्री होत्या हेच मागे राहिले. 'काव्यफुले' १८५४ चे, तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या. 'फुले'वरून आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर महिनाभर मेसेज फिरले, त्यांच्या कवितेवर मला एकही दिसला नाही. शेण झेलणारी माई आपल्याला पाठ आहे, लिहायला बसलेली माई आपण पाहिलेलीच नाही. एमिलीला खोलीत कोंडले तसे आपणही माईंना फोटोत बसवून हार घातला का?

त्यांच्या घराला विनोदाचे वावडे नव्हते. १८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. भटजी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि विदूषक मध्येमध्ये बोलून त्याचे बिंग फोडतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनीही लोकांना हसवूनच जागे केले. आपल्याकडे वडसाच्या कंपन्यांचे नाटक लागले की हेच काका रात्रभर बसतात आणि विनोदी पात्र आले की सरसावतात.

मग तपासायचे ते एवढेच, की हसणारा कोण आणि हसू कोणावर. कोश्यारींच्या विनोदात एक लहान मुलगी होती, 'तृतीय रत्न'मध्ये लुबाडणारा भटजी आहे.

पोरींनी ३ जानेवारीसाठी वीस मिनिटांची नाटिका लिहायला घेतली आहे. शेण फेकणाऱ्या दोघांचा नेम त्यात रोज चुकतो आणि माई त्यांना थांबवून कविता ऐकवतात. काकांची अट एकच, माईंनी विनोद करावा, माईंवर नको. भटजीचे काम त्यांनी स्वतः मागून घेतले. कविता कोणती ते अजून ठरायचे आहे, कारण गावात 'काव्यफुले'ची प्रत कोणाकडेच नव्हती. ती नागपूरहून मागवली आहे.