फटीचा ताळेबंद

आमच्या गाडीच्या डाव्या दाराच्या मागच्या कडेला एक फट आहे. वरच्या टोकाला तिच्यात रुपयाचं नाणं महत्प्रयासाने शिरतं आणि खाली येता येता ती इतकी ऐसपैस होते, की पासबुक खोचून ठेवावं. उजव्या दाराला हाच प्रकार उलटा. बॉनेट डाव्या दिव्याशी सलगी करतं, उजव्याशी मात्र सोवळ्याने वागतं. डिकी बंद झाली, हे डोळ्यांना पटत नाही. श्रद्धेने मानावं लागतं. हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चहा घ्यायच्या आधी ते मला बोट घालून दाखवतो. अशा बोटं घालणाऱ्यांच्या विरोधात आज लेखणी उचलावी लागली.

गाडी स्पोर्ट्स कार आहे. हसू नका. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने, तेही मेळघाटातल्या धारणीत राहून, दोन दारांची बसकी लाल गाडी घ्यावी, हा आमच्या घराण्यातला पहिला अविचार. मागे एक सीट आहे, पण ती पाहून माणसाने पाय कुठे काढून ठेवायचे हा प्रश्न पडतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही. मी चौथा मालक. आधीच्या तिघांनी आपापल्या मगदुराप्रमाणे ती कुठे ना कुठे धडकवून ठेवली, म्हणून तर ती माझ्या खिशाला परवडली.

बोटवाल्यांचे मेरुमणी म्हणजे आमचे पुण्याचे मेहुणे. ते मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहेत. मे महिन्यात आले ते खिशात फीलर गेज घेऊनच. लोक आंब्याची पेटी आणतात! पाऊण तास गाडीभोवती प्रदक्षिणा घालून त्यांनी निकाल जाहीर केला, "भाऊजी, वर साडेतीन मिलिमीटर, खाली नऊ! आमच्याकडे असा भाग आला तर आम्ही ट्रकसकट परत पाठवतो."

मी म्हटलं, "धारणीहून ट्रक परत पाठवायला सेमाडोहचा घाट उतरावा लागतो. त्यापेक्षा भाग ठेवून घेतलेला परवडतो."

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी नागपूरच्या एका कारखान्याशी फोनवर बोलून सबंध बॉडी सरळ करण्याचा अंदाज काढला : पंच्याऐंशी हजार. आकडा ऐकून ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. लेक बारावी होऊन अमरावतीला शिकायला जायची होती आणि तिच्या होस्टेलचे वर्षाचे पैसे जवळजवळ तेवढेच बाजूला ठेवलेले होते. ही काही बोलली नाही, नुसती दारात उभी राहिली. आणि इथे मला खरं सांगायला हवं. त्या रात्री मी उशीवर डोकं टेकून हिशेब केला, की एक वर्ष लेकीने एखाद्या नातेवाइकाकडे राहिलं तर काय बिघडतं? मेहुण्यांच्या बोटाची ताकद अशी असते. ते बोट एका फटीत घालतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्या गाडीकडे, सगळ्या घराकडे मिलिमीटरने बघायला लागतो.

मला वाचवलं परतवाड्याच्या डेंटरने. निदान दार तरी सरळ होतंय का बघावं, म्हणून मी गाडी त्याच्याकडे नेली. त्याने बिजागरीचे बोल्ट ढिले केले, दार उचललं, ढकललं, पुन्हा आवळलं. मागची फट मिटली आणि पुढची उघडली. पुढची मिटवली, तर दाराचं खालचं टोक बाहेर आलं. तासाभराने त्याने पाना खाली ठेवला. "साहेब, दार मांगं घेतो, त समोर पडते. समोर घेतो, त मांगं पडते. फट कुठंतरी ठेवाच लागते. तुमी फक्त सांगा, कुठं ठेवू?"

मी बी.कॉम. आहे. दुहेरी नोंद पद्धती मला तीन वर्षं शिकवली गेली, पण ती समजली त्या दिवशी. चौकट वाकलेली असेल तर फट नाहीशी होत नाही; ती एका खात्यातून उचलून दुसऱ्या खात्यात जमा करावी लागते. कुठेच जागा सापडली नाही, तर आमच्याकडे सस्पेन्स खातं असतं. आमची डिकी म्हणजे सस्पेन्स खातं.

मेहुण्यांचा पक्ष अगदीच पोकळ नाही. आजच्या कारखान्यात पत्रा साच्यात दाबला जातो, यंत्रमानव वेल्डिंग करतात, त्यामुळे फटी सारख्या येतात. पण फट तिथेही ठेवतातच! दार उघडायला, खड्ड्यात बॉडी पिळवटते त्याला, आणि उन्हाला जागा लागते. मीटरभर पोलादी पत्रा तीस अंशांनी तापला, की सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. दार आणि चौकट दोन्ही तापतात म्हणा, पण वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात एक बाजू उन्हात आणि एक लिंबाच्या सावलीत असली, तर दोन्ही सारखी तापतील कशी?

आणि थोरामोठ्यांकडे पाहा. इटलीतली फेरारी 250 जीटीओ. 1962 ते 1964 या काळात अशा अवघ्या छत्तीस गाड्या झाल्या. अंगावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा कारागिरांनी हातोडीने ठोकून बसवलेला. एक गाडी दुसरीसारखी तंतोतंत नाही, आणि डावी बाजू उजवीशी जुळेलच असं नाही. त्यातली एक नोव्हेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पाच कोटी सतरा लाख डॉलरला गेली. तिथे आमचे मेहुणे फीलर गेज घेऊन हजर नव्हते, म्हणून तो लिलाव सुरळीत पार पडला.

एका बाबतीत मात्र मी तडजोड करीत नाही. बॉनेटचं कुलूप. ते नीट अडकलं नाही आणि हरिसालच्या पुढे वाऱ्याने बॉनेट उघडून काचेवर आलं, तर समोरचा सांबरही दिसायचा नाही. तेवढं मी परतवाड्याला नवं बसवून घेतलं. साडेचारशे रुपये, मजुरीसकट. जिथे जीव जातो ती चूक, आणि जिथे फक्त मेहुण्यांचा जीव जातो ती चूक, या दोन नोंदी एका रकान्यात लिहायच्या नसतात, एवढं तरी आमच्या खात्यात शिकवतात.

पाऊस आत येतो, हे मान्य. सिपनेला पूर आला, की आमच्या डाव्या सीटवरही थोडा येतो. ही तिथे बसते. तिने जुना टॉवेल फटीत खोचून ठेवला आहे. "अहो, वाराही छान येतो," असं ती म्हणाली, तेव्हा बाहेर धो धो कोसळत होतं.

जुलैत लेकीला अमरावतीला सोडायला आम्ही त्याच गाडीतून गेलो. मागच्या सीटवर ती घडी घालून बसली आणि तिची वळकटी डिकीत गेली. डिकी दोरीने बांधावी लागली. होस्टेलच्या फाटकाशी मुलींचा घोळका जमला. एकीनेही फटीत बोट घातलं नाही. सगळ्यांना छत उघडतं का तेवढंच पाहायचं होतं.

परवा मेहुण्यांचा फोन होता. दिवाळीला येताहेत. ताईच्या अंगावर पाणी पडतं हे ऐकून फार अस्वस्थ झालेत आणि दाराला लावायला रबराचं बीडिंग आणताहेत. किती जाडीचं आणू म्हणून विचारत होते. मी त्यांचंच माप कळवलं : वर साडेतीन, खाली नऊ.