बेपत्ता माणसाची हद्द कोणती?

दुधनी हे महाराष्ट्राच्या टोकाचे गाव. सोलापूरहून निघालेली गाडी अक्कलकोट रोड मागे टाकून येथे टेकते आणि थोड्याच वेळात कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शिरते. येथील माणूस मराठी बोलतो, कन्नड बोलतो, आणि त्याचे सोयरेधायरे सीमेच्या दोन्ही अंगांना असतात. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर व अक्कलकोटच्या भागावर हक्क सांगितला, तेव्हा मुंबईतही मोठा आवेश संचारला. या जमिनीवर हक्क सांगणारे असे दोन आहेत. पण याच जमिनीवरचा माणूस बेपत्ता झाला, तर त्याच्यावर हक्क सांगायला कोणते राज्य पुढे येते?

समजा, दुधनीच्या अडतीवरचा एक हमाल मजुरीसाठी गाडीत बसला आणि परतला नाही. त्याची बायको ठाण्यात जाते. तिला सांगण्यात येते की तो रेल्वेत बसला, तेव्हा लोहमार्ग पोलिसांकडे जा. लोहमार्ग पोलीस विचारतात, तो उतरला कोठे? ते तिला ठाऊक असते तर ती ठाण्यात आली कशाला असती? सीमेपलीकडे विचारावे, तर माणूस महाराष्ट्राचा, तक्रारही तिकडेच द्या. या येरझाऱ्यांत आठवडा जातो. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईचा आठवडा म्हणजे सात दिवसांची चूल. त्या आठवड्यात ज्यांनी त्याला पाहिले ते पांगतात, फलाटावरचे चित्रण पुसले जाते, आणि एखाद्या रुळाकाठी सापडलेला अनोळखी देह अकस्मात मृत्यूची नोंद होऊन बेवारस म्हणून मातीआड जातो. एका ठाण्याच्या वहीत हरवलेला माणूस आणि दुसऱ्या ठाण्याच्या वहीत सापडलेला देह! या दोन वह्या शेजारी ठेवून पाहणे हे कोणाचे काम?

प्रश्न एखाद्या आळशी हवालदाराचा नाही. प्रौढ माणूस नाहीसा होणे हा आपल्या कायद्याच्या लेखी मुळात गुन्हाच नव्हे. त्याची केवळ नोंद होते. गुन्हा नाही म्हणून तपास नाही, आणि तपास नाही म्हणून गुन्हा उघडकीस येत नाही, असे हे दुष्टचक्र आहे. हरवलेल्या बालकाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हे चक्र मोडले. अपहरण झाले असे गृहीत धरून गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा आदेश दिला. प्रौढांना हे संरक्षण नाही. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत एकट्या महाराष्ट्रातून १,७८,४०० प्रौढ स्त्रिया बेपत्ता झाल्याची नोंद केंद्र सरकारने २०२३ साली संसदेपुढे ठेवली. मध्यम आकाराच्या एका शहराएवढी ही संख्या! यावर विधिमंडळाचे किती तास खर्च झाले?

पोलीस अधिकारी म्हणतील, यांतील बहुतेक माणसे परत येतात. कोणी भांडून जाते, कोणी स्वखुशीने संसार थाटते. आमच्याकडे माणूसबळ अपुरे आहे. हे खोटे नाही. प्रौढ स्त्रीने घर सोडले तर तिला पकडून आणावे, असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु बहुतेक परततात म्हणून न परतणाऱ्यांना वाऱ्यावर सोडणे, हे बहुतेक रोगी आपोआप बरे होतात म्हणून दवाखान्याला कुलूप लावण्यासारखे आहे. स्वखुशीने गेलेला कोण आणि घात झालेला कोण, ही निवड पहिल्या काही दिवसांतच करता येते. ती करणे म्हणजेच तपास.

आणि हे केवळ गरिबाच्या वाट्याला येते असेही नाही. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये नाहीशा झाल्या. त्या स्वतः पोलीस खात्यातल्या! तरीही अपहरणाचा गुन्हा नोंदवला जायला २०१७ साल उजाडले. त्याच वर्षीच्या प्रजासत्ताकदिनी वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यांना राष्ट्रपती पदक जाहीर झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांना अटक झाली. कुटुंबाने वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी झिजवली, तेव्हा कोठे एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने कुरुंदकरला खुनासाठी जन्मठेप दिली. खाकी वर्दीतल्या बाईला नऊ वर्षे लागतात, तेथे दुधनीच्या हमालाच्या बायकोने किती वर्षांचा हिशेब धरावा?

जेथे संशय पोलिसांवरच आहे, तेथे तर अंधारच. परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, औरंगाबादकडे नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सहआरोपींनी मात्र कोठडीतील मारहाणीची साक्ष दिली. गुन्हे अन्वेषण विभागाने चौदा पोलिसांवर खटल्याची शिफारस केली. सरकारने परवानगी दिली चौघांपुरती. त्या चौघांतील सचिन वाझे २०२० साली पुन्हा सेवेत दाखल झाले. युनूसचा देह कधी सापडला नाही, आणि वीस वर्षे उलटली तेव्हाही खटला निकाली निघाला नव्हता.

सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत समजावा, असे पुराव्याचा कायदा म्हणतो. म्हणजे वारसाला जमिनीचा, विम्याचा मार्ग मोकळा होतो. मृत्यू कसा झाला, हे विचारण्याचे बंधन मात्र शासनावर राहत नाही. मालमत्तेचा प्रश्न सुटतो, माणसाचा उरतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. हद्दीचे कारण सांगून कोणतीही तक्रार परत पाठवू नये. संशयाला जागा असेल तेथे ठरावीक मुदतीत गुन्हा नोंदवावा. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी देह यांच्या नोंदी दोन्ही राज्यांनी व लोहमार्ग पोलिसांनी दरमहा एकत्र ताडून जाहीर कराव्यात. प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तपास आणि बंदोबस्त वेगळे करण्यास सांगितले, ते कागदावर न ठेवता ठाण्यापर्यंत उतरवावे.

कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहत बसू नये. आपल्या गावातून गेल्या दहा वर्षांत कोण गेले आणि परतले नाही, याची यादी प्रत्येक शाखेने घरोघर फिरून करावी. तक्रारदार बाईसोबत ठाण्यात जावे, तक्रारीची पोच घेतल्यावाचून उठू नये, आणि महिन्याने पुन्हा जाऊन विचारावे. जमिनीच्या इंचासाठी घसे कोरडे करणाऱ्यांना एकदा ही यादीही वाचून दाखवू या.